पाण्यात वजन शून्य

कुमार खांबेटेच्या मेव्हण्याने एक कॅमेरा ठेवायला आणतो असं फोनवर सांगितलं होतं आणि सांगताना 'कॉम्पॅक्ट' हा शब्द वापरला होता. त्यामुळे रविवारी सकाळी नवीन पनवेलच्या त्यांच्या इमारतीखाली टॅक्सी थांबली आणि मेव्हणा व टॅक्सीवाला दोघे मिळून डिकीतून एक राखाडी पेटी ओढू लागले, तेव्हा गॅलरीतून पाहणाऱ्या कुमारला वाटलं, कॅमेरा याच्या खिशात असेल आणि हे टॅक्सीवाल्याचं काहीतरी असेल.

मेव्हणा, म्हणजे कुमारच्या बायकोचा, चारुताचा धाकटा भाऊ अपूर्व, पाणबुड्या होता. समुद्रात तेल काढायचे जे लोखंडी मनोरे उभे असतात, त्यांचे पाय तपासायला तो खाली उतरायचा, कुठे तडा गेलाय का पाहायचा आणि फोटो काढून वर यायचा. त्या कामाचा कॅमेरा कंपनीचा. हा त्याने स्वतःच्या हौसेने घेतला होता, मासे आणि पोवळी टिपायला. आता कंपनी त्याला शिकायला सिंगापूरला पाठवत होती. विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा होती. पेटी नेली असती तर त्याला तिकडे अंगावरच्या कपड्यांवर राहावं लागलं असतं.

कुमारची कंबर धरलेली होती. पनवेलच्या डॉक्टरांनी त्याला काहीही जड उचलायचं नाही अशी सक्त ताकीद दिली होती, पोहणं मात्र चांगलं म्हणाले होते. पनवेलात पोहायचं कुठे हे ते बोलले नव्हते. त्यामुळे पेटी जिन्यावरून वर न्यायची वेळ आली तेव्हा कुमार कठड्याला धरून नुसता उभा राहिला. सुदैवाने त्याच वेळी सुकापूरचा कमळाकर तांदळाची गोण खांद्यावर घेऊन आला. दरवर्षी खांबेट्यांकडे तांदूळ त्याच्याच शेतातला येई. त्याने गोण वर ठेवली, खाली येऊन पेटी उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर टेकून उभा राहिला. गोण नेताना तो टेकला नव्हता.

"साहेब, हाय काय यात? पाटा-वरवंटा?"

कॅमेरा आहे, असं कुमारने सांगितलं. कमळाकर हसला. त्याच्या मेव्हण्याकडे पण कॅमेरा होता, तो गळ्यात अडकवता यायचा.

घरात अपूर्वने पेटी उघडून दाखवली. कॅमेरा खरोखरच तळहाताएवढा होता, त्यात त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं. पण तो पाण्यात न्यायचा तर त्याला जाड पारदर्शक डबा लागे. खाली अंधार असतो म्हणून दोन फ्लॅश लागत. ते लांब धरायला दोन धातूचे हात, हात बसवायला एक जाडजूड पट्टी, आणि या सगळ्याला पुरतील एवढ्या बॅटऱ्या. नवरदेव किरकोळ आणि वऱ्हाड ट्रकभर, असा प्रकार होता. कुमारने जोडलेला सेट उचलून पाहिला आणि कंबरेने लगेच आठवण करून दिल्यावर खाली ठेवला.

"हे घेऊन तू पोहतोस कसा?"

"भाऊजी, हे सगळं जमिनीवर. पाण्यात याचं वजन शून्य. सोडला तर जागच्या जागी तरंगत राहतो. ना वर, ना खाली."

हे वाक्य कुमारच्या मनात घर करून बसलं. तो तळोज्याच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होता आणि जगात कुठेतरी एखाद्या गोष्टीचं ओझं अगदी शून्य होतं, ही कल्पनाच त्याला भारी आवडली. निघताना अपूर्वने दोन गोष्टी बजावल्या. पनवेलच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, तेव्हा अधूनमधून पेटी उघडून वारा द्यायचा. आणि आत रोल आहे, त्यात थोडे फोटो उरलेत, ते घरातच काढून संपवा.

कमळाकर हे सगळं दारात उभा राहून, चहाचा कप हातात धरून ऐकत होता. चहा संपल्यावरही तो उभाच राहिला. शेवटी त्याने विचारलं, विहिरीचा तळ दिसंल काय यात?

कुमारने मेव्हण्याच्या आधीच उत्तर दिलं. समुद्राचा तळ दिसतो, विहिरीचं काय घेऊन बसलात.

त्या एका वाक्यात पुढचं सगळं होतं. कमळाकर आणि त्याचा धाकटा भाऊ दयाराम यांची वाटणी होऊन बरीच वर्षं झाली होती. भात, घर, खाडीकडचं मिठागर, सगळं सरळ दोन भागांत झालं. विहीर मात्र नेमकी बांधावर होती, ती सामाईक राहिली, आणि सामाईक राहिल्यामुळे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले. पाणी कोणी किती ओढलं यावरून सुरू झालेलं भांडण इतकं जुनं झालं होतं की आता दोघेही समोरच्याला उद्देशून तिसऱ्याशी बोलत. अलीकडे सुकापुरात बिल्डर फिरू लागले होते. जमिनीला गिऱ्हाईक आलं, आणि विहीर कोणाच्या तुकड्यात मोजायची हा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या शेताचा मालक म्हातारा मालूशेठ. त्याला दोघेही मान देत. त्याने निवाडा दिला: जिकडं झरा, तिकडं विहीर. आता कमळाकर म्हणे झरा माझ्या अंगाला, दयाराम म्हणे माझ्या. तळाशी जाऊन पाहिलेलं कोणीच नव्हतं.

आठवड्याने कमळाकर शेवग्याच्या शेंगा घेऊन आला आणि त्याने मालूशेठ राजी झाल्याचं सांगितलं. फोटोत झरा जिकडे दिसेल, ते दोघे भाऊ मानणार. कुमारने आधी नाही म्हटलं. मग त्याला आठवलं की रोल संपवायला अपूर्वने स्वतःच सांगितलं होतं. डॉक्टरांनी पोहायलाही सांगितलं होतं. आणि लहानपणी दादरच्या तलावात तो पोहायला शिकलाही होता. चारुताने बराच वेळ ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की आपल्या भावाची वस्तू आपण दुसऱ्या भावांच्या भांडणात का घालतोय. यावर कुमार म्हणाला की पाण्यात तिचं वजन शून्य असतं. चारुताला या दोन गोष्टींचा संबंध कळला नाही.

तरी त्याने बेफिकिरी केली नाही. न्हाणीघरातल्या निळ्या पिंपात त्याने कॅमेऱ्याची चाचणी घेतली. फ्लॅशचे हात लावून सेट पिंपात मावेना, म्हणून नुसता कॅमेऱ्याचा डबा टाकला. तो चेंडूसारखा उसळून वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. चारुता म्हणाली, तरी कपड्यांची नायलॉनची दोरी बांधून न्या. कुमारने तिला डबा तिसऱ्यांदा दाबून दाखवला. ही काय बादली आहे का, असंही तो म्हणाला.

पेटीतून सेट बाहेर काढून स्कूटरवरून न्यायचं ठरलं तेव्हा त्याने त्यातलं नको ते काढूनही टाकलं. दोन्ही धातूच्या हातांना काळ्या फोमची जाड नळकांडी अडकवलेली होती. बहुधा धक्का लागू नये म्हणून. वजन नाही, पण जागा केवढी. कुमारने ती उपसून काढली. खुर्चीत पाठीमागे ठेवली तर कंबरेला चांगला आधार मिळत होता, म्हणून ती त्याने खुर्चीतच राहू दिली.

एप्रिलमधल्या त्या रविवारी विहिरीवर निम्मं सुकापूर जमलं होतं. कमळाकरची बायको वेणू एका अंगाला, दयारामची बायको गुणाबाई दुसऱ्या. मालूशेठला चिंचेखाली खाट टाकून दिली होती. त्याला फारसं दिसत नसे, पण निवाडा त्याचा होता. दयारामने अट घातली की कॅमेरा आधी तो तपासणार. त्याने तो दोन्ही हातांत घेतला, घेताना थोडा वाकला, आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "जड हाय. म्हंजे खरा असंल." मग कुमारच्या कंबरेमुळे सेट पायऱ्यांवरून खाली न्यायला दोन माणसं लागली, आणि ती एक-एक बाजूची असावीत असा आग्रह निघाला. दोन्ही बाजूंनी धरलेला तो कॅमेरा पायरीपायरीने खाली उतरला तेव्हा वर काही बायकांनी सवयीने डोक्यावर पदर घेतला.

कुमार जुन्या पोहण्याच्या चड्डीत, डोळ्यांवर पेटीत सापडलेला मेव्हण्याचा काचेचा मुखवटा लावून गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता. त्याने सेट हातात घेतला आणि पाण्याखाली धरला. आणि खरोखर, तो हलका झाला. पाट्याची जणू परात झाली. कंबर काही बोलली नाही. कुमारचा चेहरा एवढा उजळला की वरून चारुतालाही तो दिसला. त्याने शेवटची पायरी सोडली.

पायरी सोडल्यावर त्याच्या लक्षात आलं की परात हलकी असते, पण बुडते. घाई न करता, पण न थांबता, कॅमेरा खाली निघाला होता आणि त्याला धरून कुमारही. त्याने पाय मारले. कॅमेऱ्याला काही फरक पडला नाही. हिरव्या पाण्यात वर उजेडाचं एक गोल बीळ दिसत होतं आणि ते लहान होत होतं. कॅमेरा सोडला तर मेव्हणा, नाही सोडला तर आपण, हा हिशेब त्याने हिशेब खात्यातल्या कुठल्याही हिशेबापेक्षा लवकर केला. सोडता सोडता त्याचं बोट बटणावर दाबलं गेलं. दोन्ही फ्लॅश एकदम उडाले. अख्खी विहीर तळापासून कठड्यापर्यंत पांढरी झाली, आणि वर गुणाबाईने हात जोडून डोळे मिटले.

कुमार वर आला, पायरीला धरून खोकला. कमळाकरने मोठ्या कौतुकाने विचारलं, तळाशी ठेवून आलाव काय?

खोकल्यामुळे कुमारला लगेच बोलता आलं नाही, आणि बोलता आलं तेव्हा त्याला पिंप आठवलं. तो म्हणाला, येईल वर. सगळे पाण्याकडे बघत राहिले. कोणीतरी चहा आणला. कुमारने टॉवेल गुंडाळून तो पायरीवर बसून प्यायला. पाण्यावरचे तरंग विरले, वरचं आभाळ खाली स्वच्छ दिसू लागलं. शेवटी चारुता पायऱ्या उतरून त्याच्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "अहो, तो येत नाहीये."

मग गळ टाकला. बादल्या काढायचा तो लोखंडी गळ गावात एकच होता आणि तो चांगला होता, फक्त तो कॅमेरा सोडून सगळं वर आणत होता. एक बूड नसलेली बादली आली. सायकलची रिंग आली. एक पितळी कळशी आली, तिच्यावर वेणू आणि गुणाबाई दोघींनी हक्क सांगितला, आणि ती कोणाचीही निघाली असती तरी आता तिला भोक होतं. प्रत्येक वस्तूवर खडाजंगी होऊन ती आपापल्या अंगाला ठेवली जात होती. दुपारपर्यंत बांधाच्या दोन्ही बाजूंना भंगाराचे दोन सारखे ढीग झाले. कॅमेरा आला नाही.

आता पाणीच उपसायचं ठरलं. कमळाकरने आपली विजेची मोटर सुरू केली. पाणी भराभर उतरलं, आणि मग एका जागी थांबलं. मोटर जेवढं ओढी तेवढं खालून भरे. झरा कुठल्या अंगाला आहे ते अजून कळलं नव्हतं, पण तो भलताच जोरदार आहे एवढं मात्र दोन्ही भावांना एकदमच कळलं.

दयारामच्या छपरात डिझेलचं इंजिन होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कमळाकर चिंचेकडे बघून म्हणाला की ज्याच्याकडे इंजिन हाय त्याला सांगा कुनीतरी. दयाराम आभाळाकडे बघून म्हणाला की ज्याला पायजे तो येऊन इचारंल. मालूशेठ झोपला होता. असा निरोपांचा घोळ चालला असताना चारुता उठली आणि सरळ दयारामसमोर जाऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही.

"दयारामभाऊ, ती वस्तू माझ्या भावाची आहे. तो विश्वासाने माझ्याकडे ठेवून गेला. तो आला की मी त्याला काय सांगू, ते तुम्ही मला सांगा."

दयारामने पायाच्या अंगठ्याने माती उकरली आणि मग तो छपराकडे गेला. चौघांनी मिळून इंजिन ढकलत विहिरीवर आणलं, पाइप सोडला, पट्टा चढवला. दयारामने हँडल मारलं. इंजिन दोनदा धपापलं आणि गप्प झालं. त्याने टाकीत डोकावून पाहिलं. मग मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिसऱ्या माणसाकडे न बघता बोलला.

"दादूस, डिझेल हाय का?"

वेणूच्या हातातली किटली तशीच राहिली. "हाय ना," एवढंच म्हणून कमळाकर घराकडे जवळजवळ पळतच गेला.

मोटर आणि इंजिन दोन्ही मिळून लागल्यावर झरा हरला. ऊन कलायला लागलं तेव्हा तळ दिसला. मधोमध, गुडघाभर चिखलात, एक हात वर करून कॅमेरा बसला होता. कमळाकर आणि दयाराम दोघेही खाली उतरले. चिखलात पाय रुतवत दोघांनी मिळून तो काढला, पायरीवर ठेवला, आणि मग, आलोच आहोत तर, म्हणून झऱ्याकडे पाहिलं.

पायरीवर कुमार उभा होता, त्यानेही पाहिलं. पाणी ना कमळाकरच्या अंगाने येत होतं, ना दयारामच्या. उत्तरेच्या बाजूच्या खडकात हाताएवढी फट होती आणि तिच्यातून ते धो धो येत होतं. उत्तरेला मालूशेठचं शेत होतं.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मालूशेठला वर जाग आली होती. त्याने खाटेवरून आवाज दिला, "कुनीकडं हाय रं झरा?"

"मधी," दोघे एकदम म्हणाले.

"मधी म्हंजे कुनाकडं?"

"दोघांकडं," दयाराम म्हणाला आणि कमळाकरने एक मोठा दगड पायाने सरकवून फटीसमोर नेला. मालूशेठने विचार करून, मग विहीरबी दोघांची ठेवा, असा नवा निवाडा दिला. साहेबांच्या कॅमेऱ्यात काय आलंय तेही बघू, असं तो पुढे म्हणाला तेव्हा दोन्ही भाऊ कुमारकडे अशा नजरेने बघू लागले की कुमारला पुन्हा पाण्याखाली गेल्यासारखं झालं. रोल धुऊन आल्यावर कळेल, असं तो म्हणाला.

रोल धुऊन आला. अपूर्वचे मासे, पोवळी, आणि शेवटी विहिरीतला एकच फोटो. कॅमेरा सोडताना उताणा झाला असावा. काळ्याभोर चौकटीत आभाळाचं एक गोल, आणि त्याच्या कडेने आत डोकावणारी डोकी. त्यात कमळाकर आणि दयाराम अगदी शेजारी शेजारी होते, दोघांची तोंडं सारखीच उघडी. तोपर्यंत एवढ्या जवळ ते कधी उभे राहिले कोणालाच आठवेना. झरा कुठेच नव्हता, आणि त्याबद्दल दोघांनीही कुमारला स्वतंत्रपणे आंबे पाठवले. तळ उघडा पडलाच होता, म्हणून त्यांनी पाठोपाठ माणसं लावून गाळही काढून घेतला. बिल्डरला विहीर सोडून पुढचा तुकडा दाखवायचं ठरलं.

अपूर्व सिंगापूरहून आला तेव्हा कुमारने सगळं एका दमात सांगून टाकलं. अपूर्व ऐकत होता, पण बघत होता कुमारच्या पाठीमागे, खुर्चीत.

"भाऊजी, ती नळकांडी... त्यांच्यामुळेच वजन शून्य होतं."

कुमार खुर्चीतून जरा पुढे सरकला. चारुताने त्याच्या पाठीमागची नळकांडी उचलून भावापुढे ठेवली. अपूर्वने डबा उघडून भिंग पुसलं, उजेडात धरून पाहिलं. आत पाण्याचा थेंबही गेला नव्हता. तरी यापुढे या पेटीला कोणी हात लावायचा नाही, असं तो आयुष्यात पहिल्यांदाच बहिणीच्या घरात आवाज चढवून म्हणाला, आणि त्याच वेळी दाराची कडी वाजली.

दारात एक अनोळखी गृहस्थ होते. टोपी हातात, बरोबर कलिंगड. ते पळस्प्याहून आले होते. सुकापूरच्या पाहुण्यांकडून त्यांना पत्ता मिळाला होता. खांबेटेसाहेब हेच का, असं त्यांनी विचारलं, आणि हो म्हटल्यावर कलिंगड खाली ठेवलं.

"साहेब, जरा अडचन हाय. आमी तिघं भाऊ. इंजिनं पन तीन हायत. बोलनं मात्र नाय." ते थोडे घुटमळले. "तो तुमचा कॅमेरा आमच्या इहिरीत पन येकदा पाडाल काय?"

कुमारने बायकोकडे पाहिलं. चारुताने भावाकडे पाहिलं. अपूर्व पेटीवर हात ठेवून बसला होता. त्याने गृहस्थांकडे पाहिलं, कलिंगडाकडे पाहिलं, आणि विचारलं,

"विहीर खोल किती आहे?"